पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह

गेले दोन महिने एका प्रश्नचिन्हाने माझं डोकं खाल्लंय.

इंग्लंडमधल्या आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर एक तलाव आहे. काठावर पक्षी बघायला लाकडी खोपटं आहे, इथे त्याला हाइड म्हणतात. आत एक वही असते. आलेल्याने तारीख घालायची, काय दिसलं ते लिहायचं, शेजारी आपलं नाव. सप्टेंबरच्या मध्यावर मी ऐटीत लिहिलं, ‘विलो वॉर्ब्लर, 1’. पुढच्या रविवारी बघते तर त्या ओळीपुढे पेन्सिलीने काढलेलं बारीकसं प्रश्नचिन्ह. खोडलेलं नाही, सुधारलेलं नाही, काढणाऱ्याची सही नाही.

खोडलं असतं तर परवडलं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. हे म्हणजे लग्नात कुणीतरी आपल्या साडीकडे बघून नुसतं ‘हं’ म्हणावं तसं. शिवाय पानभर आखूड इंग्रजी नावं आणि त्यात माझं लांबलचक आडनाव. चिन्ह नेमकं त्याच्यापुढेच कसं आलं? नवरा म्हणाला, ‘मागची पानं चाळलीस का?’ नव्हती चाळली. रागात कोण चाळतं?

आता मूळ भानगड सांगते. विलो वॉर्ब्लर आणि चिफचाफ हे आपल्या पर्णवटवट्यांचेच भाऊबंद. दहा ग्रॅमच्या आतबाहेरचा जीव, वरून हिरवट-तपकिरी, खालून मळकट, डोळ्यावर फिकट भुवई. गात असतील तर लहान मूलही सांगेल: चिफचाफ आपलंच नाव दोन सुरांत घोकत बसतो, विलोचं गाणं वरून खाली ओघळत येतं. पण सप्टेंबरात विलो आफ्रिकेच्या वाटेला लागलेला असतो आणि गात नाही. मग उरतात पाय. चिफचाफचे काळपट, विलोचे बहुधा फिकट. काडीएवढे पाय, ते पानांत, वर उन्हाची तिरीप! पंख मिटल्यावर विलोच्या पंखाचं टोक जास्त बाहेर येतं, कारण त्याला सहारा ओलांडायचा असतो आणि लांब पल्ल्याला लांब पंख लागतो. चिफचाफ सहसा इतक्या दूर जात नाही, काही तर हिवाळाभर इथेच राहतात. आणि चरताना तो शेपटी सारखी खाली झटकतो. सेलबॉर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्रीबाबांनी 1768 मध्ये एका पत्रात लिहिलं की, आपण ज्याला एक पक्षी समजतो ते तीन आहेत, तिघांची गाणी वेगळी. तिसरा वूड वॉर्ब्लर. दुर्बीण नाही, रेकॉर्डर नाही, नुसते कान. मानलं बुवा.

पण मीही काही काल दुर्बीण हातात घेतलेली नाही. माळावर चंडोल कुठला आणि तिरचिमणी कुठली, यावर मी तासन्‌तास पोटावर पडून काढलेत. ब्लिथचा बोरू वटवट्या तर हिवाळ्यात आपल्याकडे झुडपाझुडपातून ‘चक् चक्’ करत असतो, आपण ढुंकूनही बघत नाही. तोच इथे वाट चुकून आला की लोक पहाटे उठून मैलोन्‌मैल गाडी हाकतात! आणि आपल्याकडे ग्रुपवर धूसर फोटो टाका, दोन मिनिटांत नाव हजर, वर चार अंगठे. चुकीचं का असेना, माणूस तोंडावर पाडत तरी नाही.

ऑक्टोबरात प्रश्नचिन्हाचे मालक भेटले. सत्तरीतले आजोबा, कानामागे पेन्सिल. मी सरळ विचारलं. ते ओशाळले, मग म्हणाले, ‘पाय दिसले होते का तुम्हाला?’

मी म्हटलं, ‘एकंदर ठेवण विलोची होती.’

‘असेलही,’ ते म्हणाले आणि वहीची मागची पानं उलटून दाखवू लागले. तीन ठिकाणी त्यांच्या स्वतःच्याच नोंदींपुढे प्रश्नचिन्हं. दोन ठिकाणी तर नुसतं ‘विलोचिफ’, म्हणजे दोघांपैकी एक, कुठला ते देव जाणे. चाळीस वर्षं पक्षी बघणारा माणूस! मला आधी हसू आलं, मग जरा कसंसंच झालं. थर्मासमधला चहा त्यांनी झाकणात ओतून माझ्यापुढे केला. दूध नव्हतं, तरी प्यायले.

पाय मी पाहिले नव्हते, हे मात्र त्यांना सांगितलं नाही. आणि खरं सांगू, तो विलोच होता.

परवा रविवारी हाइडमध्ये एकटीच होते. आदल्या दिवशी कुणीतरी ठसठशीत अक्षरात लिहून गेलं होतं, ‘विलो वॉर्ब्लर, 3’. नोव्हेंबरात. आणि तेही तीन!

मी पर्समधून पेन्सिल काढली.