मसाई पठारावर कातळाच्या वाटेने

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी कोल्हापुरातल्या एका लहानशा निसर्गमंडळासोबत मी मसाई पठारावर जाऊन आलो. मंडळाला कार्यालय असे नाही. मंगळवार पेठेतील एका सभासदाच्या घराचा सोपा हीच त्यांची बैठकीची जागा. तरीही पावसाळ्याच्या अखेरीस पठारावरची पुष्पसहल, थंडीत कळंबा तलावावर पक्षिनिरीक्षण, गणेशविसर्जनाच्या दिवशी पंचगंगा घाटावर निर्माल्य गोळा करणे आणि होळीला शेणी दान, हा वर्षाचा क्रम ते सहसा चुकवत नाहीत. शेणी दान म्हणजे काय, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो: आपल्याकडे महापालिका अंत्यसंस्कार विनामूल्य करते, त्यासाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, लागतात, म्हणून होळी लहान करून उरलेल्या शेणी स्मशानभूमीला पोहोचवायच्या. मंडळाशी माझी ओळख झाली ती शेण्यांनी भरलेला टेम्पो रिकामा करतानाच.

सकाळी सहाला आम्ही बावीसजण निघालो. शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रस्त्याने केर्लीवरून वाघबीळ गाठायचे आणि तेथून पन्हाळ्याकडे वळायचे, हा रस्ता कोल्हापूरकरांना सांगायला नको. पन्हाळा शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर आहे आणि मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटीही मिळते. पठाराजवळपर्यंत वाहन नेता येते. परंतु मंडळाचा शिरस्ता असा, की गाड्या पन्हाळ्यावर ठेवायच्या आणि म्हाळुंग्याच्या बाजूने चालत जायचे. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज विशाळगडाकडे गेले ते याच पठारावरून, त्यामुळे वाट अनेकांच्या ओळखीची आहे. सावकाश चालणाऱ्यांनी पठार गाठायला दोन तास हाताशी ठेवावेत.

पठाराच्या तोंडाशी आम्हाला थांबवण्यात आले. सोबत पायथ्याच्या वाडीतले एक गृहस्थ होते, ज्यांना लहानथोर सगळेच मामा म्हणत होते. त्यांनी नियम एका वाक्यात सांगितला: "काळं दिसंल तिथं पाय टाका, हिरवं दिसंल तिथं नुसतं बघा." काळे म्हणजे उघडा जांभा कातळ. या कातळावर मातीचा थर कुठे चार बोटे, कुठे तेवढाही नसतो, आणि पावसाचे पाणी खळग्यांत साचून राहते. इथली बरीचशी फुलझाडे पावसाबरोबर उगवून, फुलून, बी टाकून पाऊस सरताच वाळून जाणारी आहेत. फुलावर पाय पडला तर पुढच्या वर्षीचे बीही त्याच पायाखाली जाते, आणि दडपून घट्ट झालेल्या मातीत पाणी मुरत नाही. मंडळातल्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही बाई म्हणतो, त्यांनी हे समजावून सांगितल्यावर मुंग्यांच्या रांगेसारखे एकामागून एक चालण्याचे कारण सर्वांना पटले.

गालिचा पाहण्याच्या अपेक्षेने येणाऱ्याची येथे थोडी निराशा होईल, हे आधीच सांगितलेले बरे. तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा पट्टा दुरूनही दिसतो, पण पठाराची खरी श्रीमंती गुडघे टेकल्यावर कळते. पाणथळ जागी गेंदाची पांढरी गोल बोंडे शर्टाच्या गुंड्यांएवढी होती आणि त्यांच्यामधून सीतेच्या आसवांची निळसर जांभळी फुले डोलत होती. बाईंनी भिंग देऊन मला एका खळग्याशी बसवले. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती आहे. या कातळावरच्या मातीत नत्र फार कमी, म्हणून ती आपली भूक पाण्यातल्या सूक्ष्म जिवांवर भागवते. ओल्या मातीत तिला बारीक पिशव्या असतात. जीव दाराच्या केसाला लागला की दार आत उघडते आणि पाण्यासकट तो क्षणार्धात ओढला जातो. वर इतके नाजूक फूल आणि खाली हा शिकारखाना, हे पाहून मी पंधरा मिनिटे तिथून हललो नाही.

पुढे मात्र माझ्याकडूनच नियम मोडला गेला. कवल्याच्या पिवळ्या फुलांचा जवळून फोटो घ्यायच्या नादात मी डावा पाय कातळावरून खाली टाकला. पाय उचलला तेव्हा बुटाच्या ठशात पाणी भरले होते आणि गेंदाची सात-आठ बोंडे चिखलात रुतली होती. मला कोणीही बोलले नाही. मामांनी वाकून ती बोंडे बोटांनी उभी करून पाहिली. ती उभी राहिली नाहीत. त्यानंतर दिवसभर मी कॅमेरा गळ्यातच ठेवला. थोड्या वेळाने दोन जीपगाड्या पठारावर फिरताना दिसल्या. त्यांच्या चाकांखाली गेलेल्या पट्ट्याकडे पाहताना माझ्या एका बुटाच्या ठशाचा हिशोब लहान वाटला, पण मनातून गेला नाही.

उतरणीकडच्या झुडपांत कंदीलपुष्पाचा एक वेल आम्हाला दाखवण्यात आला. त्याच्या नळीत शिरलेल्या बारीक माशीला आतले केस मागे फिरू देत नाहीत. पुढे केस सुकतात, मग परागकण घेऊन ती सुटते. या कुळातल्या अनेक वनस्पती दुर्मीळ आहेत आणि त्यांचे कंद उकरून खाल्लेही जातात, म्हणून फोटो जरूर घ्यावा, पण जागेची खूण कोठेही देऊ नये, असा मंडळाचा कटाक्ष आहे. मीही येथे ती देत नाही.

दुपारचा तास स्वच्छतेचा होता. पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंती जुलैत होतात आणि त्यांच्यामागे पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे आणि, सर्वाधिक, एकदा घालून फेकलेले पातळ रेनकोट उरतात. गवतात अडकलेला असा रेनकोट ओढला तर त्याच्यासोबत रोपेही उपटून येतात; तो कात्रीने कापून सोडवावा लागतो. आम्ही तीन पोती भरली.

मागून जाणाऱ्यांसाठी आता थोडे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबर संपेपर्यंतचा काळ चांगला. त्यातही सकाळ साधावी. परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर विजांसह येतो आणि पठारावर आडोसा नाही, त्यामुळे ढग गडगडू लागताच उतरायला लागावे. धुके दाटले की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि कड्याची बाजू ओळखता येत नाही. माहीतगाराशिवाय आत शिरू नये, लहान मुलांचा हात सोडू नये. कातळावर काळपट शेवाळ असते, म्हणून तळवे झिजलेले बूट घरीच ठेवावेत. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही; जाड रेनकोट आणि टोपी पुरते. पाणी माणशी दोन लिटर न्यावे. स्वच्छतागृहाची सोय पन्हाळ्यावरच आहे, हे विशेषतः महिलांनी ध्यानात ठेवावे. गुडघे टेकायला पोत्याचा तुकडा आणि एक साधे भिंग एवढे नेले, तर महागड्या कॅमेऱ्याची उणीव भासत नाही. वेळ आणि दम शिल्लक असल्यास पठाराच्या कड्यात कोरलेली पांडवदरा लेणी पाहता येतात. आमचे ते राहून गेले, कारण पन्हाळ्यावर पिठले-भाकरीची वेळ ठरली होती आणि मामा वेळेच्या बाबतीत कडक आहेत.

मंडळाची पुढची फेरी कळंब्यावर, थंडी पडल्यावर आहे. दुर्बीण नसेल तर तिथे एक आळीपाळीने वापरायला मिळते. नाव मात्र आदल्या गुरुवारपर्यंत द्यावे. पंचवीस झाले की यादी बंद होते आणि ओळख चालत नाही.