एट माइलच्या वर, एट माइलच्या खाली

डेट्रॉइटला नोकरी लागली तेव्हा ऑफिसातल्या आपल्याच लोकांनी पहिला सल्ला दिला, "घर बघायचं तर एट माइल रोडच्या वर बघा, खाली नको." वर म्हणजे उत्तरेची उपनगरं, खाली म्हणजे शहर. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. दोन वर्षं वर राहिलो. आसपास गोरे शेजारी, थोडे आशियाई. कृष्णवर्णीय कुटुंब एकही नव्हतं, आणि हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्याची आजही लाज वाटते.

मग एका रविवारी रस्ता ओलांडून तिथली एक भिंत बघायला गेलो. सहा फूट उंच, फूटभर जाड, घरांच्या परसांमागून साधारण अर्धा मैल जाणारी. 1941 साली एका बिल्डरने ती बांधली. शेजारीच कृष्णवर्णीयांची वस्ती होती, म्हणून इकडे होणाऱ्या गोऱ्यांच्या घरांना सरकार कर्जाची हमी देत नव्हतं. मध्ये भिंत घातली आणि हमी मिळाली. आता दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय कुटुंबंच राहतात. गोरे केव्हाच वर निघून गेले, मी राहत होतो तिकडे.

मैदानालगतच्या भागावर चित्रं रंगवली आहेत. साबणाचे फुगे उडवणारी मुलं, बसमध्ये चढणाऱ्या रोझा पार्क्स, गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या. चित्रावरून हात फिरवला तर रंगाखालचं काँक्रीट खरखरीत लागतं. 'गावकुसाबाहेर' हा शब्द लहानपणापासून वाचलेला. पण मी कायम कुसाच्या आत, त्यामुळे कूस कधी दिसलंच नव्हतं. इथे त्याला हात लागला.

पुढे सिंगापूरला बदली झाली. तिथल्या सरकारी वसाहतींत 1989 पासून प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय जास्तीत जास्त किती असावेत हे ठरलेलं आहे. त्यामुळे शेजार खरोखर मिसळलेला असतो, आणि मला ते मनापासून आवडलं. पण भाड्याचं घर शोधताना एका एजंटने फोनवर माझं नाव ऐकलं आणि तो थांबला. "इंडियन? सॉरी, मालकांना नको आहेत." फोन ठेवला आणि डेट्रॉइटचा तो सल्ला आठवला. तेव्हा मी तो मुकाट्याने ऐकला होता. आता तसाच सल्ला कुणीतरी माझ्याबद्दल ऐकला होता.

केप टाउनमध्ये वर्षभरच होतो. तिथली डिस्ट्रिक्ट सिक्स ही सगळ्या रंगांच्या लोकांची वस्ती 1966 मध्ये फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाली. 60,000 हून जास्त माणसं उठवून शहराबाहेर केप फ्लॅट्सच्या माळावर नेऊन टाकली आणि घरांवर बुलडोझर फिरवले. आता एका जुन्या चर्चमध्ये त्या वस्तीचं संग्रहालय आहे. तिथे जमिनीवर गल्लीबोळांसकट मोठा नकाशा आहे आणि जुने रहिवासी त्यावर आपापली नावं लिहून जातात.

मी गेलो तेव्हा एक आजी गुडघ्यांवर बसून बोटाने गल्ली शोधत होत्या. "हा आमचा जिना," त्या नातवाला सांगत होत्या, "आणि खाली शिंप्याचं दुकान." बोट सरकत सरकत माझ्या बुटापाशी येऊन थांबलं. मी घाईने मागे झालो. त्यांचं घर माझ्या पायाखाली होतं.