वस्तऱ्याचं टोक नव्याने घडवताना

वस्तरा हातातून निसटला की बहुतेक वेळा टोकावरच आपटतो. पातं शाबूत राहतं, पण टोकाचा एक-दोन मिलिमीटरचा टवका उडतो आणि तिथे वेडावाकडा कोपरा उरतो. दाढी करताना तोच कोपरा कानाच्या पाळीला नाहीतर नाकपुडीखाली लागतो. आजोबांच्या पेटीतला जर्मनीतल्या झोलिंगन शहरात बनलेला चांगला वस्तरा एवढ्यासाठी भंगारात देऊ नका. टोक घरी दुरुस्त होतं. फक्त ते थंड राहिलं पाहिजे आणि घासायला सुरुवात योग्य बाजूने झाली पाहिजे.

आधी तडा शोधा. पात्यावर मशीन ऑइलचा थेंब फिरवा, कोरडं पुसून घ्या आणि दोन मिनिटांनी दहापट भिंगातून बघा. तडा असेल तर त्यात शिरलेलं तेल बाहेर येऊन केसासारखी रेघ उमटते. तडा जिथे संपतो त्याच्याही पुढपर्यंत धातू काढावा लागेल. तो टोकापासून फार आत किंवा पाठीकडे गेला असेल तर त्या वस्तऱ्याने पुन्हा दाढी करू नये.

टवका उडालेला नाही, फक्त चौकोनी टोकाचा कोपरा बोचतो, अशी तक्रार असेल तर आकार बदलायची गरजच नाही. 1000 ग्रिटच्या (आकडा मोठा तितके कण बारीक) दगडावर कोपरा 45 अंशात टेकवून अलगद चार-पाच हात मारा. अर्धा मिलिमीटर गोलाई पुरते. नुसत्या डोळ्यांना टोक चौकोनीच दिसतं, पण कातडीत रुतत नाही.

टवका मोठा असेल तर गोल टोक करावं. शिकाऊ माणसालाही तेच सोपं आणि दाढीलाही तेच निर्धोक. रुपयाचं नाणं पात्यावर असं ठेवा की त्याची कड धारेला अलगद स्पर्श करेल, आणि परमनंट मार्करने कमान आखा. 5/8 इंच, म्हणजे साधारण 16 मिलिमीटर रुंदीच्या पात्यावर ही गोलाई छान बसते. लांबी दोन-तीन मिलिमीटरने कमी झाली तरी दाढीत काही फरक पडत नाही.

आता पातं बांधून घ्या. वस्तरा पूर्ण उघडा आणि मूठ हलू नये म्हणून बिजागरीपाशी टेप गुंडाळा. धारेवर मास्किंग टेपचे तीन पदर लावा, फक्त टोकाकडची जागा उघडी ठेवा. चष्मा आणि मास्क घाला.

इथे कानस चालत नाही. वस्तऱ्याचं पोलाद जवळजवळ कानशीइतकंच कडक असतं, त्यामुळे कानस नुसती घसरते. 400 ग्रिटची डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी घ्या, तिच्यावर पाणी शिंपडा आणि पातं प्लेटला काटकोनात उभं धरा. थोडं जरी कललं तरी टोक एका अंगाला तिरकं होतं.

बहुतेकांचं काम बिघडतं ते यापुढे. पात्याची पाठ चार-पाच मिलिमीटर जाड असते आणि धारेजवळचा पत्रा कागदासारखा पातळ. सगळीकडे सारखं घासलं तर धारेकडचा धातू पाच-सहा हातांत उडून जातो आणि पाठीकडचा शंभर हातांनीही जेमतेम हलतो. मग कमान होत नाही, धारेकडे खोल गेलेला तिरपा काप होतो. म्हणून सुरुवात पाठीकडून करा. तिथली जाडी रेघेपर्यंत आली की मधला भाग घ्या, आणि धारेकडचे शेवटचे तीन-चार मिलिमीटर सगळ्यात शेवटी, वस्तऱ्याच्या वजनाइतक्याच दाबाने. त्या भागात पातं ओढताना पाठ पुढे आणि धार मागे असू द्या, नाहीतर पातळ कोपरा प्लेटमध्ये अडकून नवा टवका उडतो.

हातात धरायचं छोटं ग्राइंडिंग मशीन वापरायचा मोह होतो. वापरायचंच असेल तर डायमंड चाक लावा, एका वेळी दोन सेकंदच टेकवा आणि लगेच पाण्यात बुडवा. बोटाला चटका बसतोय असं वाटलं की थांबा. कार्बन पोलाद 200 अंशांच्या वर गेलं की पिवळसर होतं, मग तपकिरी, आणि 300 च्या आसपास निळं. निळा रंग दिसला म्हणजे तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. रंग पॉलिशने निघून जातो, पण खालचं पोलाद मऊच राहतं आणि त्या जागी धार टिकत नाही. तेवढा भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही.

आकार जमला की 800, 1000 आणि 2000 चा वॉटर पेपर बुचाच्या तुकड्यावर गुंडाळून कमानीच्या दिशेने फिरवा. दोन्ही बाजूंच्या कडांवर धातूची बारीक झालर उरते. ती 2000 च्या पेपरने मोडा, नाहीतर बोटाला आणि गालाला तीच कापते. शेवटी ब्रासो, म्हणजे धातूचं पॉलिश.

टेप काढल्यावर टोकाजवळची धार बोथट दिसेल. फक्त तेवढाच तुकडा दगडावर दाबून घासू नका, पुढे तिथे धार आत वाकते. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून पूर्ण पातं 1000 वर चालवा, नंतर 5000, 8000 आणि जमलं तर 12000. मग चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास-साठ फेऱ्या.

दगडावरून आल्यावर कोपरा पुन्हा धारदार झालेला असतो, हे हमखास विसरलं जातं. कापसाच्या बोळ्यावरून टोक हलकेच ओढा. एकही तंतू अडकला तर 2000 च्या पेपरवर दोन-तीन हात द्या आणि पुन्हा ओढून बघा. मग वस्तरा मिटवून टोक मुठीच्या आत नीट झाकलं जातंय ना ते पाहा, आणि घासलेल्या भागावर तेलाचा हात फिरवा. उघडं पडलेलं पोलाद न्हाणीघरातल्या दमट हवेत एका रात्रीत गंजायला लागतं.