निळा पडदा

परवा रविवारी माहेरी जेवून जरा आडवी झाले होते, बाहेर आषाढाचा पाऊस कौलांवर नुसता कोसळत होता, आणि आतल्या खोलीतून बाबांची हाक आली, "बाय, परत निळें जालें गो!" आमच्या घरात या वाक्याचा अर्थ कोणी विचारत नाही. आई रांधणीतूनच ओरडली, "आधी लिहून ठेव, मग हात लाव."

लिहून ठेवायचं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर. ही माझी खोड. कॉम्प्युटर अडून निळा स्क्रीन आला की लोक मोबाइलवर फोटो काढतात, मी पेन्सिलीने त्या तारखेच्या चौकोनात त्यावरचा कोड लिहिते. एकादशी, गॅस आला, पोदेराचे म्हणजे पाववाल्याचे ऐंशी रुपये, आणि त्याखाली ००००००५०. विचारलं तर सांगते की असं लिहिलं की पावसाळ्यात जास्त होतंय की लायट गेल्यावर जास्त होतंय ते कळतं. दोन वर्षांत काही कळलेलं नाही.

तर एकदा शेजारचे भाऊ च्या प्यायला आले होते. त्यांनी चौकोनातला पन्नास बघितला, "हो आकडो खंयचो गो?" म्हणून विचारलं, माझं उत्तर न ऐकताच कप ठेवून उठले आणि नाक्यावर जाऊन मटक्याला पन्नासची जोडी लावून आले. लागली! तेव्हापासून आमच्या कॉम्प्युटरची तब्येत ते माझ्यापेक्षा जास्त काळजीने विचारतात.

कॉम्प्युटर २०१० सालचा, फोंड्यात असेंबल करून घेतलेला, विंडोज सेव्हनवाला. त्या विंडोजचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, ऐन संक्रांतीच्या तोंडावर. नवा घेऊया म्हणून मी चार वेळा तरी म्हटलं असेल, पण बाबांची सगळी नाटकं त्यात आहेत, आणि नाटकं पेनड्राइव्हवर घेता येतात हे त्यांना पटवणं म्हणजे देवाची मूर्ती प्लास्टिकच्या पिशवीतून न्यायला सांगण्यासारखं आहे.

नाटकं म्हणजे जत्रेतली. बाबा आमच्या गावच्या मंडळींचे प्रॉम्प्टर, पस्तीसेक वर्षं. स्टेजवर एकदाही गेले नाहीत, राजा नाही की भालदार नाही, कायम विंगेत. आधी वहीवरून सांगायचे, मग डोळ्यांना त्रास व्हायला लागला तसं मोठ्या अक्षरात टाइप करून प्रिंट काढायला लागले.

मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांच्या मागे पत्र्याच्या ट्रंकेवर बसून नाटक बघायचे, म्हणजे नटांच्या पाठी बघायचे. स्पिरिट गमचा वास, बाहेरून खाज्यांचा आणि भजीच्या तेलाचा वास, बाबांच्या हातात लाल कागद लावलेली बॅटरी. एका वर्षी दुसऱ्या अंकात वहीची दोन पानं दवाने एकमेकांना चिकटलेली, बाबांनी दोन्ही एकदम उलटली आणि पुढच्या प्रवेशातलं वाक्य सांगितलं. प्रधान बिचारा विश्वासातला माणूस, त्याने जसंच्या तसं म्हटलं. ज्या फितुराची अजून एंट्रीच झाली नव्हती त्याला कडेलोटाची शिक्षा! महाराज प्रधानाकडे बघतायत, प्रधान विंगेकडे बघतोय, विंगेत तो फितूर मिशी चिकटवत उभा, त्याचा हात तसाच ओठावर. एवढी मोठी जत्रा पण त्या क्षणी जनरेटर सोडून काही ऐकू येत नव्हतं. मग मागून कोणीतरी ओरडलं, "पडदा टाक! पडदा!" आणि दर्शनी पडदा असा धाडकन आला की महाराजांची अर्धी पगडी प्रेक्षकांच्या बाजूला राहिली. पेटीवाला शहाणा, त्याने लगेच एक पद धरलं. लोक च्या पिऊन आले, अंक परत पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

कॉम्प्युटरचा एकेक भाग कसा चालवायचा ते विंडोजला आतून सांगणारं छोटं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. तो काय चीज आहे ते मला खरं तिथेच कळलं, म्हणजे कळलं पुष्कळ वर्षांनी पण दिसलं तिथे. नट विसरला तर दुसरा नट सावरून घेतो. वर्ड हँग झालं तर तेवढं बंद करता येतं, बाकीचं चालू राहतं. पण ड्रायव्हर बसतो आत, कर्नेलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, तिथून त्याने एक चुकीचं वाक्य सांगितलं की पुढे कोण कोणाचा कडेलोट करेल काही नेम नाही. म्हणून विंडोज स्वतःच पडदा टाकते, आतल्या फाइलींची आणखी वाट लागू नये म्हणून. १९ जुलै २०२४ ला जगभर ८५ लाख कॉम्प्युटर असेच एकदम निळे झाले होते ना, एका सुरक्षेच्या सॉफ्टवेअरच्या एका फाइलीवरून, आणि आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देत होते. बाबांनी ती बातमी दोनदा बघितली. "पानां चिकटलीं जावंक जाय," एवढंच बोलले.

असो. तर परवाचा रविवार. आधी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतला पांढरा खोडरबर फिरवला, परत बसवली. आपल्या पावसात चामड्याच्या चपलेला चार दिवसांत बुरशी येते तिथे रॅमने काय पाप केलंय. फरक शून्य. मग एफ एट दाबून सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी मोजक्या ड्रायव्हरांवर, टाकला तर गडी दोन तास ठणठणीत. म्हणजे बहुतेक ड्रायव्हरच. मी उत्साहाच्या भरात नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर उडवला आणि मग लक्षात आलं की नवा ड्रायव्हर नेटवर आहे आणि नेटला ड्रायव्हर पाहिजे. मदरबोर्डाबरोबर आलेली सीडी होती, डब्यात होती, मी स्वतः ठेवलेली. आई म्हणाली, "ती? ती चिकूवर आहे." वटवाघळं येऊ नयेत म्हणून घरातल्या सगळ्या सीड्या तिने चिकूला बांधल्यात, हिची भजनं, त्याचं लग्न, माझे ड्रायव्हर, सगळं एका फांदीला. छत्री घेऊन काढून आणली. मागची चांदी पापुद्र्यासारखी हातात आली. वटवाघळं येतातच, हे वेगळं. शेवटी शेजारच्या पोराने त्याच्या लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हवर दिला.

मग शेवटी विंडोजच्या मिनिडंप फोल्डरात गेले, आधीच जायला हवं होतं. प्रत्येक वेळी पडदा पडताना ती तिथे एक फाइल ठेवून जाते, कुठल्या ड्रायव्हरपाशी अडलं त्याचा साधारण अंदाज त्यात मिळतो. पाचपैकी चार फाइलींत एकच नाव. पूर्वी मराठी टाइप करायला एक सॉफ्टवेअर होतं, त्याचा डाँगल, म्हणजे कॉम्प्युटरला खोचायची किल्लीच, लावायला लागायचा, तो डाँगल हरवून आठ वर्षं झाली, सॉफ्टवेअरही काढून टाकलेलं, पण त्याचा ड्रायव्हर मात्र रोज सकाळी इमानाने उठून बसत होता. म्हणजे नट मंडळ सोडून गेला आणि त्याचा प्रॉम्प्टर अजून विंगेत उभा, अंधारात वाक्यं सांगतोय.

हे मी बाबांना रंगवून सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "काढलास त्याला?" काढला म्हटलं. "बरं," म्हणाले आणि उगाच जाऊन पाऊस बघत उभे राहिले. मंडळाने गेल्या वर्षीपासून विंगेत टॅब लावलाय, ते माझ्या डोक्यातच नव्हतं.

चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी लायट दोनदा गेली-आली आणि संध्याकाळी आईचा फोन, परत निळं, कोड मीच लिहिला गो यावेळी, शेवटी ७ आणि ई. हा कोड नवीनच. मी विचारात पडले, आणि मागून भाऊंचा आवाज ऐकू आला, कॅलेंडरपाशीच उभे असणार, "हातूंत अक्षर आयलां मगे. कांयच उपयोगाचें ना."