सहा महिन्यांनी परत आले तेव्हा

मॅटर्निटी लीव्हवरून आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत परत आले त्या दिवशी लॅपटॉप उघडला तर निम्मे अ‍ॅक्सेस बंद, आणि जे पेमेंटचं मॉड्यूल मी चार वर्षं सांभाळलं होतं ते दुसऱ्याकडे गेलेलं. मॅनेजर म्हणाला, सध्या तू टेस्ट केसेस बघ, म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम नीट चालतंय का ते तपास, घरी बाळ आहे ना, उगाच लोड नको. माणूस वाईट नाही, त्याला खरंच वाटत होतं की तो माझी काळजी घेतोय. पण मग मार्चमध्ये रेटिंग आलं आणि त्यात लिहिलेलं की क्रिटिकल कामात सहभाग कमी. अरे, काम दिलंच नाही तर सहभाग कुठून आणू?

हे आज लिहायचं कारण म्हणजे परवा कँटीनमध्ये झालेला वाद. आमच्यातल्या एकीला प्रमोशन मिळालं तर एकजण सहज बोलून गेला, डायव्हर्सिटीचे नंबर भरायचे असतात त्यांना. मग पुढचं नेहमीचं, मुलींना टेक्निकलमध्ये मुळात इंटरेस्टच कमी असतो वगैरे. २०१७ मध्ये गुगलच्या जेम्स डमोर या इंजिनिअरने लिहिलेल्या मेमोतही साधारण हेच होतं, की या क्षेत्रात बायका कमी असण्यामागे काही अंशी जीवशास्त्र असू शकतं, त्यावरून त्याची नोकरी गेली आणि जगभर भांडणं झाली. मला आजही वाटतं की त्याला काढण्यापेक्षा नीट उत्तर द्यायला हवं होतं, कारण उत्तर आहे. १९४० च्या दशकात एनियाक हा कॉम्प्युटर प्रोग्रॅम करणाऱ्या मुख्य टीममध्ये सहाजणी होत्या, सगळ्या बायका. अमेरिकेत १९८४ च्या सुमारास कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेणाऱ्यांत साधारण ३७ टक्के मुली होत्या आणि नंतर ते प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास आलं. एवढ्या वर्षांत बायकांचा मेंदू बदलला का? मेंदू तोच आहे, त्यांना मिळणारी वागणूक बदलली.

आणि आपल्याकडे तर इंटरेस्टचा प्रश्न यायलाच नको. पुण्यात कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज १९९१ पासून फक्त मुलींचं आहे, कुठल्याही कॉलेजच्या कॉम्प्युटर ब्रँचला जाऊन बघा मुली किती आहेत ते. आयआयटीत मुली कमी होत्या म्हणून २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा काढल्या, मुलांची एकही सीट कमी न करता, तरी लोक म्हणतात आमच्या जागा गेल्या! आमच्या जॉइनिंगच्या बॅचमध्ये आम्ही चौदा मुली होतो, आज कोड लिहिणाऱ्या तिघी उरल्यात. बाकीच्या कुठे गेल्या ते मला नावानिशी माहितीये. एकीला ऑनसाइटसाठी, म्हणजे क्लायंटकडे जाऊन काम करायला, विचारलंच नाही, मूल टाकून ती कशी जाईल हे परस्पर ठरवलं. एकीचा क्लायंट कॉल रोज संध्याकाळी साडेसातला, आणि पाळणाघर सातला बंद. कुणीही कंटाळून गेली नाही हो.

सुधा मूर्तींची टेल्कोची (आताची टाटा मोटर्स) गोष्ट पुण्यात सगळ्यांना पाठ आहे, १९७४ मध्ये जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं होतं आणि त्यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवलं आणि मग नोकरी मिळाली. तेव्हा निदान ते छापलेलं होतं, पोस्टकार्ड पाठवता आलं. आता इंटरव्ह्यूत हळूच विचारतात, लग्नाला किती वर्षं झाली, पुढचं काय प्लॅनिंग. याचं कुठे पोस्टकार्ड पाठवायचं?

२०१७ ला मॅटर्निटी लीव्हचा कायदा बदलला, पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, ५० किंवा जास्त लोक असतील तिथे पाळणाघर सक्तीचं झालं. चांगलंच झालं, माझ्या मुलीला त्याचा फायदा मिळाला. पण रजेचा सगळा खर्च कंपनीवर, आणि खाजगी नोकरीत बापाला रजा देण्याची सक्ती कायद्यात नाहीच, म्हणजे हिशोब करणाऱ्याला बाई घेणं महाग वाटणारच. बापालाही रजा सक्तीची करा आणि खर्चातला वाटा सरकारने उचलावा, मग बघू इंटरेस्ट कुणाला कमी आहे ते.

आता मी स्वतः लीड आहे. माझ्या टीममधली एक मुलगी सध्या रजेवर आहे, यावेळच्या रेटिंगला मी तिचं काम जेवढे महिने ती होती तेवढ्याच महिन्यांवर मोजायला लावलं, त्यासाठी दोन मीटिंगा भांडले. ती पुढच्या सोमवारी परत येतेय. तिचं मॉड्यूल मधल्या काळात दुसरा मुलगा बघतोय, पण त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय की हे तिचं आहे, आणि शुक्रवारी तिचे सगळे अ‍ॅक्सेस चालू आहेत का ते मी स्वतः तपासणार आहे.