आमची वाटचाल: गाडी निघण्याआधीचा तास

सुरुवातीला आमच्याकडे एकच साधी रुग्णवाहिका होती. डायलिसिसचे पेशंट, हाड मोडलेली म्हातारी माणसं, असं काम. नवजात बाळासाठी पहिला फोन आला तो कळव्यातल्या एका छोट्या प्रसूतिगृहातून. बाळ दीड किलोचं, धाप लागलेली. आजीनं दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि मी सायरन लावून रात्रीच्या मोकळ्या रस्त्यानं ४० मिनिटांत परळचं हॉस्पिटल गाठलं. आपण वेळेत पोहोचवलं, याचं समाधान होतं. तिथल्या सिस्टरनं थर्मामीटर लावला. ३४ अंश. "गार पडलंय हो बाळ," एवढंच म्हणाली. ते वाचलं, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. कमी दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगावर चरबी फारशी नसते, ते पटकन गारठतं. गारठलं की रक्तातली साखर उतरते, ऑक्सिजन जास्त लागतो, श्वास आणखी जड होतो. हे मला डॉक्टरांनी नंतर समजावलं.

राबोडीची खोली गहाण ठेवून ट्रान्सपोर्ट इनक्युबेटर, म्हणजे बाळाला गाडीतही ऊब देणारी पेटी, घेतला. पुढे छोटा व्हेंटिलेटर, औषध मोजून हळूहळू देणारा सिरिंज पंप, आणि सोबत यायला तयार असलेले नवजात बाळांचे डॉक्टर व सिस्टर. तेव्हापासून बाळ स्थिर झाल्याशिवाय आमचं चाक हलत नाही. अंग ऊबदार करायचं, साखर तपासायची, सलाईनची सुई आणि श्वासाची नळी पक्की बसवायची. यात कधी तास जातो. बाहेर नातेवाईक ओरडतात, "अहो, निघा ना!" एकदा एका काकांनी माझी कॉलर धरली. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. आता मी बाळाच्या वडिलांजवळ उभा राहतो आणि आत काय चाललंय ते एकेक करून सांगतो.

ऑक्सिजन लागेल त्याच्या दुप्पट घेतो. घोडबंदरला गायमुखच्या घाटात एक ट्रक बंद पडला तरी सगळा हिशेब कोलमडतो. मात्र ऑक्सिजन बाळाला मोजूनच द्यायचा. कमी दिवसांच्या बाळाला जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते. रस्ता निवडताना आधी खड्डे बघतो, मग अंतर. अशा बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात, म्हणून आमचे ड्रायव्हर मामा गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवतात.

आईचं सीझर झालेलं असतं, ती मागेच राहते. म्हणून निघताना, बाळाला झेपत असेल तर, इनक्युबेटर तिच्या खाटेपर्यंत नेतो. खिडकी उघडून तिचा हात आत घेतो. जमलं तर चिकाचे चार थेंब सिरिंजमध्ये सोबत घेतो. ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं होतं, "नाव नाही ठेवलं अजून, तिथं काय सांगाल?" मी बाळाच्या पायावरची पट्टी दाखवली. तिच्यावर त्यांचंच नाव होतं.