हर्गेसाला जाणार असाल तर हातात वेळ ठेवून जा

सोमाली लोकांचं रोजचं जगणं पाहायचं असेल, तर सध्या वाट हर्गेसाचीच धरावी. सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूला, पर्यटक म्हणून जाऊ नये, तिथला धोका अजून टळलेला नाही. हर्गेसा ही पूर्व आफ्रिकेतल्या सोमालीलँडची राजधानी. या भागाने १८ मे १९९१ रोजी आपण सोमालियापासून वेगळे झाल्याचं जाहीर केलं. जगातल्या बहुतेक देशांनी ते मान्य केलेलं नाही, पण इथे स्वतःचं चलन आहे, पोलीस आहेत, निवडणुका होतात.

आम्ही मुंबईहून अदिस अबाबामार्गे गेलो. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारून घ्या. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि त्याचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. परतताना भारतात ते मागतात.

हर्गेसात पाहण्याची ठिकाणं मोजकीच. भर चौकात मिग विमानाचं स्मारक आहे. १९८८ मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बारे याच्या हवाई दलाने याच शहराच्या विमानतळावरून उड्डाण करून याच शहरावर बॉम्ब टाकले, त्याची ती आठवण. ते पाहून झालं की खरं हर्गेसा चहाच्या टपरीवर भेटतं. वेलची-दालचिनी घातलेला, भरपूर गोड चहा. शेजारी बसलेला माणूस आधी तुमची खुशाली विचारणार, मग घरच्यांची, मग तुमच्याकडे पाऊस कसा झाला याची. एका शब्दात उत्तर देऊन उठू नका. त्याच्याही घरची चौकशी करा, तिथून गप्पांना रंग चढतो.

सोमाली भाषेची अधिकृत लिपी १९७२ मध्ये ठरली. त्याआधी वंशावळी, कायदे, कविता असं सगळं तोंडी चालत आलं होतं. आजही मुलांकडून बापाकडच्या पूर्वजांची नावं पाठ करून घेतात. माणसाच्या नावामागे वडिलांचं आणि आजोबांचं नाव लागतं, आणि लग्नानंतर बाई आपलं नाव बदलत नाही. कुळांमधले तंटे वडीलधारी मंडळी बैठकीत बसून, बोलून सोडवतात. यादवी युद्धानंतर १९९३ मध्ये बोरामा गावात अशीच बैठक काही महिने चालली आणि तिच्यातून सोमालीलँडच्या राज्यकारभाराची घडी बसली. मला या प्रवासात सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट हीच.

कवितेचा मान तर विचारूच नका. प्रत्येक ओळीत एकाच ठरलेल्या अक्षराने सुरू होणारा शब्द यावा लागतो, आणि लांबलचक कवितेत शेवटपर्यंत ते अक्षर सुटत नाही. हद्रावी हे इथले लाडके कवी. हुकूमशाहीवर लिहिलं म्हणून त्यांनी सत्तरच्या दशकात पाच वर्षं कैद भोगली. २०२२ मध्ये ते हर्गेसातच वारले. टपरीवर त्यांचं नाव काढलं की कोणी ना कोणी म्हणून दाखवतंच.

उंटांच्या बाजारात मात्र भाव बोलून ठरत नाही. दोघं हात हातात देतात, वरून कापड टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. बघ्यांना काही कळत नाही. आपल्याकडे बैलबाजारात दलाल उपरण्याखाली करायचे, तेच. बाजार सकाळी लवकर गाठा. फोटोआधी परवानगी घ्या, आणि पोलीस चौक्यांचे फोटो अजिबात काढू नका.

सोबत सुट्टे डॉलर न्या. स्थानिक शिलिंगच्या नोटांच्या थप्प्या रस्त्यावरच मांडलेल्या असतात, पण लोक पैसे देतात ते ‘झाद’ या मोबाईलवरून पैसे पाठवायच्या सेवेने, साध्या फोनवरूनही.

सकाळी आंबवलेल्या पिठाचं, एकाच बाजूने भाजलेलं जाळीदार ‘लहोह’ मिळतं. ते तीळतेल-साखर किंवा चहाबरोबर खातात, त्यामुळे शाकाहाऱ्यांची न्याहारी निभते. दुपारी मसालेभात आणि बकऱ्याचं मटण, सोबत केळं. केळं नंतरसाठी ठेवू नका, भाताच्या घासाबरोबर खाऊन पाहा. जेवताना उजवा हात वापरा. दारूवर पूर्ण बंदी आहे. दुपारनंतर बरेच पुरुष ‘कात’ची पानं (विड्यातला कात नव्हे, ही नशेची पानं) चघळत बसतात, त्यातलं काही भारतात आणू नका, गुन्हा होतो. बायकांनी डोकं झाकणारी ओढणी आणि पायघोळ कपडे घालावेत. शुक्रवारी बहुतेक सगळं बंद असतं.

लास गीलची गुहाचित्रं चुकवू नका. हर्गेसाहून साधारण पन्नास किलोमीटर, बेर्बेराच्या वाटेवर. मानेवर नक्षी असलेल्या गाई, काही हजार वर्षांपूर्वीच्या, आणि रंग अजून ताजे. पर्यटन खात्याचा परवाना हर्गेसातच काढावा लागतो. शहराबाहेर सशस्त्र पोलीस सोबत घ्यावा लागतो का, तेही तिथेच विचारा आणि खर्चात धरा. पुढे बेर्बेरा बंदर. इंग्रजांच्या सुरुवातीच्या काळात त्याचा कारभार येमेनमधल्या एडनमार्फत मुंबई सरकारच्या हाताखाली होता आणि तिथे रुपया चालायचा. उन्हाळ्यात बेर्बेरा चाळीस अंशांच्या वर तापतं. हर्गेसा उंचावर असल्याने त्या दिवसांतही सुसह्य असतं.

२००८ पासून हर्गेसात पुस्तक मेळा भरतो, बहुधा जुलैच्या सुमारास. जमलं तर तोच आठवडा धरा. त्या दिवसांत परदेशी स्थायिक झालेले सोमालीही घरी येतात, म्हणून हॉटेल आधीच ठरवून ठेवा.